नवं कूलंट टाकलं, तरी गाडी का उकळते?

एप्रिल-मे महिन्यांत जालना, बीड, परभणी कुठलंही गाव घ्या. गॅरेजसमोर बॉनेट उघडून उभी असलेली एखादी गाडी दिसतेच आणि मालकाची तक्रारही ठरलेली असते: “मिस्त्री, परवाच तर कूलंट बदललं, मग गाडी गरम का व्हायला लागली?” रेडिएटर धुतलेला असतो, होज पाइप नवे असतात, गळती कुठेच नसते. तरी पहिल्याच लांबच्या फेरीत काटा वर चढतो, बॉनेटमधून वाफ येते आणि गाडी रस्त्याच्या कडेला लागते.

मग तर्क सुरू होतात. कोणी म्हणतं कूलंट भेसळीचं आहे, कोणी म्हणतं वॉटर पंप गेला, एखादा थेट हेड गॅस्केटवर बोट ठेवतो आणि काही हजारांचा अंदाज सांगतो. यांतलं काहीही असू शकतं. पण दुखणं कूलंट बदलल्यानंतर लगेच सुरू झालं असेल, तर आधी तपासायचं कारण वेगळं आहे आणि त्याला एकही नवा सुटा भाग लागत नाही. कूलंट भरताना आतली हवा निघालेली नसते. गॅरेजच्या भाषेत, गाडीनं ‘एअर धरलेली’ असते.

हे नीट समजून घेण्याची गरज आता वाढली आहे. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून जाणाऱ्या या रस्त्यावर सपाटीला गाडी ताशी १२० किलोमीटरनं तासन्‌तास धावू शकते. गावातल्या गावात फिरताना झाकून राहिलेली हवा अशा रस्त्यावर उघडी पडते, तीही भर उन्हात.

इंजिनाला गार का ठेवावं लागतं?

पेट्रोल किंवा डिझेल जळून जी ऊर्जा निघते, तिच्यातली ढोबळमानाने एक तृतीयांशच कामाला येते. साधारण तेवढीच धुरासोबत सायलेन्सरमधून बाहेर जाते आणि उरलेली इंजिनाच्या धातूत शिरते. सिलिंडरमध्ये पेटलेला वायू क्षणभर २,००० अंश सेल्सिअसच्याही वर जातो. सिलिंडरच्या डोक्यावर बसलेला भाग, म्हणजे ‘हेड’, आजच्या बहुतेक गाड्यांत ॲल्युमिनियमचा असतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि त्याच्या कितीतरी आधी, दोन-अडीचशे अंशांपासूनच, त्याची ताकद कमी व्हायला लागते.

म्हणून हेडच्या आणि त्याखालच्या ब्लॉकच्या, म्हणजे सिलिंडर असलेल्या भागाच्या, आत पोकळ वाटा ठेवलेल्या असतात. त्यांतून कूलंट फिरत राहतं. कूलंट म्हणजे पाणी, इथिलीन ग्लायकॉल नावाचं रसायन आणि गंज रोखणारी द्रव्यं यांचं मिश्रण. वॉटर पंप ते ब्लॉकमधून हेडमध्ये ढकलतो. तिथून ते वरच्या होजमधून रेडिएटरमध्ये जातं, गार होतं आणि खालच्या होजमधून पुन्हा पंपाकडे येतं.

या वाटेवर दोन राखणदार बसलेले आहेत. पहिला थर्मोस्टॅट: आत मेणाची कुपी असलेली झडप. इंजिन गार असताना ती बंद असते आणि कूलंट इंजिनातच छोट्या फेऱ्या मारतं. कूलंट ८२ ते ९० अंशांच्या आसपास पोचलं की मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि रेडिएटरची वाट मोकळी होते. दुसरं रेडिएटरचं झाकण. ते दिसतं साधं, पण आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बारने जास्त ठेवतं. एवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं, कूलंट त्याहूनही वर. झाकणाचं रबर चिरलं की ही सगळी सवलत संपते. दोन-तीनशे रुपयांच्या झाकणापायी इंजिन खोललेलं पाहिलं की फार वाईट वाटतं.

थोडीशी हवा राहिली तर एवढं काय बिघडतं?

विहिरीवरची मोटार ज्यांनी चालवली आहे, त्यांना हे लगेच कळेल. फूटव्हॉल्व्ह गळका असला, सक्शनच्या पाइपात हवा शिरली, की मोटार गरगर फिरते आणि पाणी मात्र उचलत नाही. मग पंपात पाणी ओतत बसायचं, हवा पूर्ण निघेपर्यंत. इंजिनाचा वॉटर पंप त्याच जातीचा आहे, पात्यांनी पाणी बाहेरच्या बाजूला फेकणारा. पाण्याला तो जोर देऊ शकतो, हवेला नाही. पात्यांपाशी हवेचा मोठा फुगा आला की पंप फिरत राहतो आणि कूलंट जागच्या जागी थांबतं.

फुगा पंपापाशी नसला तरी सुटका नाही. हवा नेहमी उंच जागा गाठते आणि इंजिनातली उंच जागा म्हणजे हेड, नेमका सगळ्यात तापणारा भाग. एक लिटर पाणी एक अंशाने तापताना जेवढी उष्णता पिऊन घेतं, तेवढी घ्यायला सुमारे साडेतीन हजार लिटर हवा लागते. म्हणजे ज्या जागी कूलंट हवं तिथे हवा बसली, तर त्या जागेपुरतं इंजिन कोरडंच चाललंय असं समजायला हरकत नाही. फुग्याच्या कडेचं कूलंट उकळतं, त्याची वाफ होते, वाफेनं फुगा वाढतो आणि आणखी कूलंट मागे सरतं. एकीकडे रेडिएटर गार आणि दुसरीकडे हेड तापून लाल, असं एकाच वेळी होऊ शकतं.

त्यात थर्मोस्टॅटची अडचण. त्यातलं मेण गरम कूलंटचा स्पर्श झाला की वितळतं. तिथे हवा असेल तर उष्णता पोचायला उशीर लागतो आणि झडप वेळेवर उघडत नाही. म्हणून बऱ्याच थर्मोस्टॅटांच्या कडेला एक बारीक भोक आणि त्यात हलणारी पिन ठेवलेली असते. मागची हवा त्यातून हळूहळू निसटावी, एवढ्यासाठीच ती असते आणि थर्मोस्टॅट बसवताना ती पिन वरच्या बाजूला यावी लागते. नवा थर्मोस्टॅट घाईत कसाही फिरवून बसवला तर ही छोटी सोय वाया जाते.

“पूर्वी तर नुसतं पाणी ओतलं की भागायचं”

हा आक्षेप जुन्या चालकांचा आहे आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. ॲम्बेसेडर किंवा जुनी जीप आठवा. रेडिएटर उभा, उंच, आणि त्याचं झाकण जवळपास सगळ्या व्यवस्थेत वर. वरून ओतलेलं पाणी खाली जायचं आणि हवा त्याच तोंडातून वर यायची. हेड ओतीव लोखंडाचं होतं, थोडा ताप सहन करायचं. सकाळी झाकण काढून पाणी बघणं हा रोजचा नेम होता, त्यामुळे राहिलेली थोडीफार हवाही दुसऱ्या दिवशी भरून निघायची.

आता बॉनेट पुढे उतरतं झालं आणि त्याखालचा रेडिएटरही खाली गेला. कित्येक गाड्यांत तो इंजिनाच्या माथ्यापेक्षा खालीच असतो. काहींत रेडिएटरला झाकणच नाही, भरायचं ते प्लॅस्टिकच्या टाकीतून. नळ्या वर चढतात, खाली उतरतात, डॅशबोर्डमागे हीटरची छोटी जाळी असते. प्रत्येक चढाच्या टोकाला हवा बसू शकते. टाकी तोंडापर्यंत भरलेली दिसते आणि आत लिटरभर हवा असते.

सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांची यात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे फारसं कोणी बघत नाही. टाकीतला गॅस मोठ्या दाबाखाली असतो. रिड्यूसरमध्ये त्याचा दाब उतरतो तेव्हा तो अतिशय थंड होतो. रिड्यूसर गोठू नये म्हणून बहुतेक किटमध्ये त्याच्यातून गरम कूलंट फिरवतात आणि त्यासाठी हीटरच्या नळ्यांना जोड देतात. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये हे जोड बऱ्याचदा उंचावर येतात, म्हणजे हवेला बसायला आणखी एक जागा झाली. कूलंट बदलल्यावर गाडी सीएनजीवर झटके द्यायला लागली, तर किटवाल्याकडे जाण्याआधी तिथल्या नळ्या हाताला गरम लागतात का ते बघा.

मग भरायचं कसं?

सुरुवात मोजण्यापासून करा. जुनं कूलंट खाली सांडू न देता बादलीत धरा आणि किती लिटर निघालं ते बघा. छोट्या पेट्रोल गाडीत एकूण चार-पाच लिटर बसतं, मोठ्या डिझेल गाडीत सात ते दहा. नेमका आकडा गाडीसोबतच्या पुस्तिकेत असतो. रेडिएटरखालचा नट सोडला म्हणून सगळं निघत नाही, काही ब्लॉकमध्येच राहतं, त्यामुळे पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा बादलीतला आकडा जास्त कामाचा. चार लिटर निघालं आणि तीनच लिटर आत गेलं, तर एक लिटर हवा आत आहे. एवढं सोपं गणित आहे आणि ते करायला कुठलंही यंत्र लागत नाही. कूलंट बदलणाऱ्या प्रत्येक गाडीमालकानं निदान एवढा एक प्रश्न विचारायलाच हवा: किती निघालं, किती गेलं?

इंजिन पूर्ण गार हवं. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी घेणं उत्तम. जागा अशी बघा की गाडीचं तोंड थोडं चढाकडे राहील, म्हणजे भरायचं तोंड उंच होईल आणि हवा तिकडे सरकेल. हँडब्रेक ओढा, चाकाखाली दगड लावा. मग हीटरचं बटण पूर्ण गरमवर फिरवा. मे महिन्यात हीटर म्हटलं की लोक हसतात, पण काही गाड्यांत हीटरच्या वाटेवर झडप असते आणि ती थंडवर ठेवली की बंद होते. ती बंद ठेवून कूलंट भरलं, तर हीटरमधली हवा तिथेच अडकते. ज्या गाड्यांत अशी झडप नाही, तिथे हीटर गरमवर ठेवून नुकसान काही होत नाही.

बऱ्याच इंजिनांवर, थर्मोस्टॅटच्या घराजवळ किंवा वरच्या होजवर, हवा काढायचा छोटा स्क्रू असतो. पुस्तिकेत तो दाखवलेला असतो. तो थोडा सैल करून कूलंट ओता, पण बारीक धारेने. जोरात ओतलेलं कूलंट स्वतःसोबत हवा घेऊन खाली जातं आणि वर येणाऱ्या हवेची वाटही अडवतं. मधूनमधून वरचा आणि खालचा होज हाताने दाबून सोडा. बुडबुडे वर येताना दिसतील. स्क्रूमधून आधी फुसफुस होते, मग फेसाळ कूलंट येतं, मग अखंड धार लागते. अखंड धार दिसली की स्क्रू बंद करा, तोही हलक्या हाताने, कारण कित्येक ठिकाणी तो प्लॅस्टिकचा असतो.

इथपर्यंत दहा-पंधरा मिनिटं गेलेली असतात आणि बहुतेक ठिकाणी काम इथेच संपवतात. थर्मोस्टॅट मात्र अजून बंद आहे. त्याच्यामागची हवा इंजिन तापून झडप उघडल्याशिवाय हलणारच नाही.

म्हणून आता रेडिएटरचं तोंड उघडं ठेवून, त्यात घट्ट बसणारं नरसाळं लावून, इंजिन सुरू करा आणि नुसतं चालू राहू द्या. एसी बंद. पातळी हळूहळू खाली जाईल, थोडं थोडं घालत राहा. काही मिनिटांनी वरचा होज एकदम गरम लागेल. झडप उघडली. त्याच सुमारास पातळी गपकन खाली जाते आणि मोठे बुडबुडे येतात. हीच ती अडकलेली हवा. तिच्या जागी कूलंट घाला. मधूनमधून एक्सलरेटर हलकाच दाबून इंजिन दोन-अडीच हजार फेऱ्यांवर न्या आणि सोडा. खालचा होजही कोमट लागायला लागला, पंखा आपोआप सुरू होऊन एकदा-दोनदा बंद झाला, बुडबुडे थांबले, आतून हीटरची हवा चांगली कडक गरम यायला लागली, की समजा काम झालं. इंजिन बंद करा, गार होऊ द्या, पातळी भरा, झाकण लावा.

ज्या गाड्यांत रेडिएटरला झाकण नसून दाबाची टाकी आहे, त्यांची रीत थोडी वेगळी असू शकते. काही कंपन्या झाकण लावूनच इंजिन तापवायला सांगतात. तिथे पुस्तिका सांगेल तेच करा.

हे चालू असताना चेहरा रेडिएटरच्या उघड्या तोंडावर धरू नका, गरम कूलंट अचानक उसळतं. गळ्यात गमछा किंवा ओढणी असेल तर काढून ठेवा. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागू शकतो.

मोठ्या कार्यशाळांत यासाठी एक साधन असतं. कंप्रेसरच्या जोरावर ते आधी आतली हवा ओढून पोकळी तयार करतं आणि मग त्या पोकळीत कूलंट आपोआप खेचलं जातं. ज्या गाड्यांची हवा काढणं किचकट असतं, त्यांच्यासाठी ते फार चांगलं. ते नसलं तरी वर सांगितलेली रीत पुरते, फक्त तिला तासभर लागतो. त्या तासाची मजुरी आपण द्यायला तयार असलं पाहिजे. दारात उभं राहून “झालं का, झालं का” करणारा मालक असेल, तर कुठला मिस्त्री थर्मोस्टॅट उघडायची वाट बघत बसेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी, गार इंजिनावर, पातळी पुन्हा बघा. ती थोडी उतरलेली असणं स्वाभाविक आहे. बाजूच्या बाटलीत कूलंट खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये ठेवा, काठोकाठ नको. तापल्यावर कूलंट फुगतं, पाच लिटरमागे दोनशे मिलिलिटरच्या आसपास, आणि त्याला जागा लागते. बाटली अगदी रिकामी ठेवणं त्याहून वाईट. ज्या गाड्यांत रेडिएटरला झाकण आणि बाजूला बाटली असते, तिथे इंजिन गार होताना झाकणातली छोटी झडप बाटलीतून कूलंट मागे ओढून घेते. बाटलीत ते नसेल तर ती हवा ओढते आणि आपला तासभर पाण्यात जातो. पहिले दोन-तीन दिवस गावातच गाडी चालवा, रोज पातळी बघा आणि मगच लांब निघा.

“गावात तर गरम होत नाही, हायवेलाच होते”

ताशी ८० वरून १२० वर गेलं की समोरच्या हवेला कापत जायला लागणारी शक्ती तिपटीहून जास्त होते. इंधन जास्त जळतं, उष्णताही जास्त निघते. दुसऱ्या बाजूला रेडिएटरची ताकद कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. कूलंट ९५ अंश आणि बाहेर २० अंश असताना हा फरक ७५ चा असतो. बाहेर ४२ झालं की तो ५३ वर येतो, म्हणजे तोच रेडिएटर जवळपास तीस टक्के कमी उष्णता टाकतो. त्यात एसीची जाळी रेडिएटरच्या पुढ्यात असते, तिची गरम हवा थेट त्याच्यावर येते. जानेवारीत ज्या हवेनं काही त्रास दिला नाही, तीच मे महिन्यात कन्नडचा घाट चढताना गाडी थांबवते.

“काटा तर मधेच होता”

काटा ज्या सेन्सरवर चालतो, तो कूलंटमध्ये बुडालेला असला तरच खरं सांगतो. हवेत उघडा पडला तर हेड तापत असताना तो कमी तापमान दाखवू शकतो आणि मग त्याच सेन्सरवर चालणारा पंखाही उशिरा लागतो. शिवाय कित्येक गाड्यांत काटा मुद्दामच मध्यावर स्थिर ठेवलेला असतो. चालकाला उगाच धास्ती वाटू नये म्हणून तापमान बरंच वरखाली झालं तरी तो हलत नाही. बऱ्याच छोट्या गाड्यांत तर काटाच नाही, नुसता लाल दिवा आहे, आणि तो लागतो तेव्हा उशीर झालेला असतो.

काट्यापेक्षा या खुणांवर भरवसा ठेवा: गाडी सुरू केल्यावर डॅशबोर्डमागे पाणी खळखळल्यासारखा आवाज, काटा एकदम वर जाऊन पुन्हा एकदम खाली येणं, इंजिन तापलेलं असूनही हीटरमधून गार हवा, आणि इंजिन गरम असताना वरचा होज हाताला थंड लागणं. यांतलं एक जरी असलं तरी आत हवा आहे, असं धरून चाला.

“थर्मोस्टॅटच काढून टाकू या”

हा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो आणि तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट नसला की इंजिन योग्य तापमानाला पोचायला फार वेळ घेतं. गाडीचा संगणक इंजिन गार आहे असं समजून जास्त इंधन सोडत राहतो, सरासरी घसरते, झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना रेडिएटरला वळसा घालणारी वाट बंद करतो. तो काढला की ती वाट कायम उघडी राहते, थोडं कूलंट रेडिएटरला न जाताच परत फिरतं आणि ओझ्याखाली गाडी उलट जास्त तापते. थर्मोस्टॅट खराब असेल तर नवा टाका. चांगला आहे की नाही ते घरी पाण्याच्या पातेल्यात गरम करून बघता येतं: पाणी उकळायच्या आधी झडप उघडलेली दिसायला हवी.

“आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, मग साधं पाणी का नको?”

उष्णता वाहून नेण्यात साधं पाणी कूलंटपेक्षा सरस आहे, हे खरं आहे. अर्धं ग्लायकॉल असलेलं मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, त्या गुणाचा लातूर-नांदेडला काहीच उपयोग नाही, हेही खरं. पण कूलंटमधली गंज रोखणारी द्रव्यं आपल्याला हवी आहेत आणि उकळायचं तापमान वाढणंही हवं आहे. साध्या पाण्यात ॲल्युमिनियम झिजतं, पंपाचं सील लवकर जातं.

त्यात आपलं पाणी. मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसॉल्टच्या खडकावर आहे आणि बोअरच्या पाण्यात चुना, मॅग्नेशियम असे क्षार भरपूर. गिझरच्या कॉइलवर किंवा पाणी तापवायच्या पातेल्यात बसणारा पांढरा थर सगळ्यांनी पाहिला आहे. क्षार सगळ्यात तापलेल्या पृष्ठभागावर बसतात, म्हणजे इंजिनात हेडच्या आतून. तो थर उष्णता अडवतो, सोलला की त्याच्या खपल्या रेडिएटरच्या बारीक नळ्यांत अडकतात.

दाट कूलंट आणलं असेल तर ते डिस्टिल्ड पाण्यात, म्हणजे बॅटरीत टाकतात त्या पाण्यात, डब्यावर सांगितलेल्या प्रमाणात आधीच बाहेर मिसळून घ्या. जारचं आरओ पाणी बोअरपेक्षा बरं, तरी त्यात काही क्षार राहतात. पाणी न घालता नुसतं दाट कूलंट भरणं हाही उपाय नव्हे, ते उष्णता कमी वाहतं. रेडिएटर बोअरच्या पाण्याने धुतला असेल, तर ब्लॉकमध्ये राहिलेलं ते पाणी नव्या कूलंटमध्ये मिसळतं, म्हणून शेवटची धुणी डिस्टिल्ड पाण्याची करा. आणि हिरवं, गुलाबी, निळं यावर जाऊ नका. रंगाचा कुठलाही एकच नियम नाही, पुस्तिकेत लिहिलेला प्रकार बघा आणि दोन प्रकार एकत्र करू नका.

रस्त्यातच उकळली तर

एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात. आत बसणं असह्य होईल, पण हीटर हा छोटा रेडिएटरच आहे आणि थांबायला सुरक्षित जागा मिळेपर्यंतची एक-दोन मिनिटं तो इंजिनाला आधार देतो. त्याहून जास्त चालवू नका. बाजूला घ्या, इंजिन बंद करा, शक्य तर सावलीत.

झाकणाला हात लावायचा नाही. दाबाखाली १०० अंशांच्या वर असलेलं कूलंट झाकण सैल होताच उकळून फवाऱ्यासारखं बाहेर येतं, चेहरा आणि हात भाजतात. निदान अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा होज दाबून बघा, तो मऊ आणि हाताला सोसवेल इतका गार झाला की जाड फडक्यानं झाकण आधी थोडंसंच फिरवा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेड तडकू शकतं, म्हणून घाई नको. जवळ कूलंट नसेल तर अशा वेळी साधं पाणी चालेल, गाडी पुढच्या गॅरेजपर्यंत जाईल. पण नंतर ते काढून पुन्हा नीट भरणं चुकवू नका.

बुडबुडे थांबतच नाहीत तेव्हा

सगळं नीट करून अर्धा-पाऊण तास झाला, पंखाही लागून गेला, तरी बुडबुडे येतच आहेत, तर ती भरताना राहिलेली हवा नसावी. हेड आणि ब्लॉकमधलं गॅस्केट गेलं की सिलिंडरमधला जळका वायू कूलंटमध्ये शिरतो. त्या बुडबुड्यांना धुराचा वास असतो. गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक होतो, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो, ऑइलच्या काडीवर दुधाळ थर दिसतो. अशा गाडीतून हवा कितीही वेळा काढा, ती पुन्हा भरणारच. तिथे हेड उघडावंच लागतं. कूलंटमध्ये जळका वायू आहे का, हे रंग बदलणाऱ्या द्रावणाने तपासता येतं, ती तपासणी करून घेतल्याशिवाय हेड खोलायला होकार देऊ नका.

बादलीतल्या जुन्या कूलंटचं काय?

इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड लागतं. गॅरेजच्या मागे उघड्यावर ओतलेलं कूलंट कुत्री पितात, मोकाट जनावरंही तोंड लावतात. थोडंसं पोटात गेलं तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, लहान मुलांचीसुद्धा. म्हणून ती बादली एक मिनिटही उघडी ठेवू नका. जुनं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर ‘विष’ असं ठळक लिहा आणि वापरलेलं ऑइल जिथे गोळा करतात अशा मोठ्या कार्यशाळेत ते घेतात का विचारून तिथेच द्या. विहीर, बोअर, नाली यांच्या आसपास ते अजिबात ओतू नका. पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत तर कधीच भरून ठेवू नका, घरातलं कोणीही ती सहज तोंडाला लावेल.